यादीत नाव घालू का?

"सगळ्यांची नावं लागतील, बाई. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, राहण्याचा पत्ता. ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं," वकील म्हणाले आणि माझी वही त्यांनी उघडली. वहीत लिहिलं होतं : हळदीची, रॉकेलची, पिठाची, देव्हाऱ्यातली, उशीतली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ही माणसं आहेत का किराणा मालाची यादी?"

मला हसू आलं. नादारीचा अर्ज करायला गेलेली बाई मी, म्हणजे सरळ भाषेत दिवाळं काढायला गेलेली, आणि वकिलाच्या टेबलापुढं तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसते. शेजारी आमचे हे बसले होते. त्यांनी मला कोपराने ढोसलं. तेव्हा कुठं मी गप्प झाले आणि मग मला रडू आलं. वकिलांना दोन्हीची सवय असावी. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही भिंगारला राहायचो. हे लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून, आणि मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायचे. एका मशीनची चार मशीनं झाली होती, तीन बायका हाताखाली कामाला होत्या. त्यातनंच भिशी सुरू झाली. ब्लाऊज टाकायला आलेल्या बायका तासतासभर बसायच्या, घरचं गाऱ्हाणं सांगायच्या, आणि प्रत्येकीचं शेवटी एकच, की हातात चार पैसे राहत नाहीत, राहिले तर नवरा काढून घेतो. म्हटलं, माझ्याकडं ठेवा. महिन्याला शंभर. चोवीस जणी, चोवीस महिने. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची. पहिला महिना मात्र चालवणारीचा, चिठ्ठी न काढता. ही रीत मी काढलेली नाही, सगळीकडे तशीच असते.

पैसे चोरून साठवलेले. कुणी भाजीतनं दोन रुपये मारायची, कुणी दुपारी दुसऱ्याचे पापड लाटून द्यायची. घरात लपवायचे कुठं? हळदीच्या डब्यातल्या नोटा पिवळ्या होऊन यायच्या, स्टोव्हमागं ठेवलेल्यांना रॉकेलचा वास यायचा, पिठाच्या डब्यातल्या हातात घेतल्या की शिंका यायच्या. म्हणून ती नावं. माझी वही उद्या कुणाच्या नवऱ्याच्या हाती पडली तरी त्याला घंटा कळलं नसतं. मला त्याचा कोण गर्व होता! सातवी शिकलेली पाथर्डीकडची बाई मी, आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि चोवीस बायकांची बँक मी एका वहीत चालवत होते.

त्या बँकेचा मुडदा मीच पाडला.

झालं असं, की जवळच्या एका गावच्या शाळेच्या संस्थेनं मला गणवेशाचं काम दिलं. सहाशे मुलांचे. एवढं मोठं काम भिंगारात कुठल्या बाईला मिळालं नव्हतं. नगरच्या कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडनं कापड उधार उचललं, पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याला हे जामीन राहिले. मशीनं वाढवली, शिवायला आणखी बायका लावल्या. गणवेश वेळेवर दिले, पोरांनी घातले, पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलामी दिली ती माझ्या हातच्या सदऱ्यांत. आणि पैसे? संस्थेत निवडणूक झाली, जुनं मंडळ पडलं, नवं आलं. नवे म्हणाले, आम्ही कुणाला काम दिलेलं नाही, ऑर्डरचा कागद दाखवा. कागद कुठला! जुन्या अध्यक्षांनी ओट्यावर बसून चहा पीत शब्द दिला होता. शब्दावर सहाशे गणवेश शिवणारी मी शहाणी.

शिवणाऱ्या बायकांची मजुरी थांबवता येईना. त्या हातावर पोट असलेल्या. मग मी भिशीच्या पैशाला हात लावला. म्हटलं, एकच महिना. जिची चिठ्ठी निघाली होती तिला सांगितलं, "बाई, थोडं थांब, पुढच्या महिन्याला देते." ती म्हणाली, "देशील की, पळून का चाललीस?" दुसऱ्या महिन्यालाही तेच. असे चार महिने मी गिळले. सतराव्या महिन्यात भिशी बंद पडली. ज्यांना रक्कम मिळून गेली होती त्यांनी हप्ते द्यायचं थांबवलं, त्या का देतील? राहिल्या अकरा जणी. प्रत्येकीचे सतराशे रुपये माझ्या पोटात.

व्यापाऱ्यानं दावा लावला आणि जिंकला. पतसंस्थेनं ह्यांच्या पगारातनं कापून घ्यायला सुरुवात केली. मधली भोकं बुजवायला एका खाजगी सावकाराकडनं शेकडा पाचानं घेतले होते, तो स्कूटर दारात लावून ओट्यावरच बसायला लागला. यायचा, "वहिनी, च्या ठेवा" म्हणायचा, आणि दोन तास हलायचा नाही. शिवी नाही, आवाज नाही. आख्खी गल्ली बघायची. मी त्याला चहाही द्यायचे, आणि कपात थुंकावंसं वाटायचं. एकदा कोर्टाचा बेलीफ आला आणि होती नव्हती ती मशीनं घेऊन गेला. एक ठेवलं, कारागिराचं हत्यार म्हणून. मी म्हटलं, तेही न्या, त्यावर शिवू काय, कफन?

नादारीची वाट ह्यांच्या साहेबानं सांगितली. कोर्टात अर्ज द्यायचा, माझ्याकडं काही उरलेलं नाही म्हणून शपथेवर सांगायचं. कोर्टाला पटलं की नादार ठरवतात. मग सावकाराला ओट्यावर बसता येत नाही, व्याज थांबतं, अटकेची भीती जाते. जे काही असेल ते कोर्ट सगळ्यांना वाटून देतं. वकिलांनी लपवाछपवी केली नाही. "तुमच्या मिस्टरांची जामीनकी त्यानं सुटणार नाही. त्यांचा पगार कापलाच जाईल. फक्त तुम्ही सुटाल." मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "एक तरी सुटू दे घरातलं."

ह्यांनी मला आजवर एका शब्दानं बोल लावला नव्हता. लावला असता तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मी जास्त मेले.

तर यादी. वकिलांनी समजावून सांगितलं. यादीतल्या प्रत्येक नावाला कोर्टाची नोटीस जाणार, रजिस्टर पोस्टानं, घरच्या पत्त्यावर. पेपरातही जाहीर नोटीस येणार. मी म्हटलं, "मग बायकांची नावं घालायचीच नाहीत. त्यांच्या नवऱ्यांना कळलं तर घराघरांत आग लागेल." ते म्हणाले, "नाव वगळलं तर ते शपथेवर खोटं बोलणं झालं. शिवाय ज्याचं नाव यादीत, त्यालाच वाटणीतला हिस्सा. बाकीच्यांना काय मिळणार? बघा बुवा. यादी तुमची आहे."

इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हे. नावं घालावीत तर मी त्यांची चोरी चव्हाट्यावर आणणार. न घालावीत तर मी त्यांचे पैसे दुसऱ्यांदा बुडवणार, आणि ह्या वेळी कोर्टाच्या शिक्क्यानं. अर्जच करू नये तर सावकार आहेच ओट्यावर, चहाची वाट बघत.

आठ दिवस मी घरातनं हलले नाही. स्वयंपाक खारट व्हायचा, अळणी व्हायचा, हे मुकाट्यानं जेवायचे. नवव्या दिवशी उठले आणि ठरवलं, आपण कोण ठरवणारे? पैसे त्यांचे, नवरे त्यांचे. जिचं तिला विचारू. नाव घालू का, एवढंच.

जायचं ते अकरा ते तीनच्या मधे, गडी माणसं कामावर असताना. मी दोन दिवसांत अकरा घरं फिरले. तोंडात मारून घेण्याच्या तयारीनं गेले होते. शिव्या खाऊ, झिंज्या उपटू देत, मोकळी होऊ. कसलं काय! बायका भांडल्याच नाहीत. त्यांना भांडायला आवाज चढवायची सोय नव्हती, शेजारी ऐकलं असतं.

रॉकेलची पहिली. तिनं दाराची कडी आतनं लावली आणि हात जोडले. "ताई, नाव नको. सतराशे गेले म्हना, पन नाव नको. त्यांना कळलं तर इतकी वर्सं तू काय काय दाबलंस म्हनून मागचं सगळं उकरतील." पिठाची म्हणाली, "जळू दे ते पैसे." उशीतलीनं मला चहा दिला. चहा! मी म्हटलं, "अगं, शिवी दे, चहा नको देऊस." ती म्हणाली, "घ्या वो, दूध घातलंय." देव्हाऱ्यातली एकटीच चिडली. म्हणाली, "तुझं वाटोळं हुईल बघ." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "झालंच की गं. अजून काय व्हायचं राहिलंय?" मग तीही रडली, मीही रडले, आणि निघताना म्हणाली, "नाव मातर घालू नगंस."

दहा जणींनी नको म्हटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी दोन दिवसांत दहा घरी देऊन आले.

शेवटी हळदीची.

तिचा नवरा लष्करातनं निवृत्त होऊन डेपोच्याच गेटवर वॉचमन लागला होता. शिस्तीचा माणूस. दारू नाही, विडी नाही, मारहाणसुद्धा नाही. पण घरात मीठ किती उरलंय हे त्याला ठाऊक असायचं. बाजारातनं आल्यावर पिशवी ओतून भाजी मोजायचा, जुड्या किती, भाव काय. अशा घरातनं ती महिन्याला शंभर रुपये कशी काढायची हे मला कधी कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तिची थोरली लेक बाळंतपणाला यायची होती. पहिली खेप. पोरीला सोन्याचे मणी करायचे म्हणून ती भिशीत आली होती.

मी नेहमीचं सांगितलं. नोटीस येईल, पेपरात येईल, मिळेल ते थोडंच मिळेल, कदाचित काहीच नाही. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "घाला माझं नाव."

मला वाटलं, हिला कळलं नाही. परत सांगितलं.

"कळलं वो. माझे हायत ना पैसे? मग घाला. मी का चोरी केली व्हय कुनाची?"

"आणि तुझे मालक?"

"पोस्टमन दुपारचा येतो. हे तवा ड्युटीवर. मी सही करून घेईन, चुलीत घालीन. अन् पेपर आमच्यात येतो कुठं?" मग हसली. "शंभरातले धा मिळू द्या. पन कागदावर माझं नाव यीऊ द्या एकदा."

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. अकरा जणींत एक तरी ताठ मानेची निघाली म्हणून मी घरी जाताना हलकी झाले होते. तिचं पूर्ण नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सतरा महिने मी तिच्याकडून पैसे घेत होते, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

अर्ज दाखल झाला. यादीत कापडवाला, पतसंस्था, सावकार आणि हळदीची. खाली माझी सही, की ह्याखेरीज मी कुणाचं काही देणं लागत नाही. दहा जणी त्या एका ओळीत गाडल्या. हात कापला नाही माझा. कापायला हवा होता.

आता पुढचं जे झालं त्यात कुणाचा कपटीपणा नाही, म्हणून जास्त चीड येते. पोस्टमन आमच्या भागातला जुना माणूस, घरोघरी ओळख. कोर्टाचं पाकीट बाईच्या नावानं आलेलं पाहून तो बिचारा घाबरला. बाईमाणसाच्या हातात कोर्टाचा कागद काय द्यायचा, म्हणून तो वाट वाकडी करून डेपोच्या गेटवर गेला आणि नवऱ्याच्या हातात दिलं. वर म्हणाला, काही असेल तर सांगा, माझ्या ओळखीचा वकील आहे. आपल्याकडं याला माणुसकी म्हणतात. रजिस्टर पत्र सही घेऊन ज्याचं त्यालाच द्यायचं असतं हे कायद्यातलं झालं. बाईचं पत्र नवऱ्याला देणं हे वळण झालं. आणि मी, भिंगारात पंधरा वर्षं काढलेली, मला हे सुचू नये? वकिलानं नियम सांगितला, तिनं तो धरला, मीही धरला. पोस्टमन कसा वागेल हे दोघींना ठाऊक असायला हवं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी हे डेपोतनं आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, "तो गेटवरचा माझ्याशी काही बोलला नाही. रोजच्यासारखा सलाम केला. पण पाकीट खिशात होतं, दिसत होतं."

मी तिच्या घरी गेले नाही. जावंसं वाटलं, चप्पल घातली, काढली. माझ्या जाण्यानं आगीत तेल पडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं, पण मी भ्याले हेही खरं. तिला मारलं का, हाकललं का, काहीच कळेना. बाजारात कुणी म्हणालं, तिचं बाहेर येणंच बंद झालंय. भाजी तोच आणतो.

कोर्टाच्या तारखेला आम्ही नगरला गेलो. व्हरांड्यात बाकावर कापडवाल्याचा मुनीम, पतसंस्थेचा वसुलीवाला आणि सावकार. सावकार तिथंही म्हणाला, "काय वहिनी, बरं हाय ना?" मी तोंड फिरवलं, आणि फिरवलं तर समोर ती. डोक्यावरून पदर, शेजारी नवरा, इस्त्रीचा शर्ट, छातीला पेन. अंगावर कुठं वळ दिसत नव्हते. मी तेच आधी शोधले.

पुकारा झाला. एकेकाचं देणं वाचलं, एकेकानं हो म्हटलं, कागद दाखवले. मग तिचं नाव. ती पुढं झाली, मागोमाग तोही दोन पावलं पुढं झाला. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी थांबवलंही नाही.

न्यायाधीशांनी साधेपणानं विचारलं, "बाई, अर्जदाराकडून तुमचं सतराशे रुपयांचं येणं आहे, असं इथं लिहिलंय. बरोबर आहे?"

तिनं पदर पुढं ओढला.

"घाबरू नका. तुम्ही भिशीत पैसे भरले होते का?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. समोरच्या टेबलाकडं बघत म्हणाली, "न्हाई साहेब. मी कसली भिशी भरली न्हाई. माझं काय बी येनं न्हाई. मी या बाईला वळकत न्हाई."

मला ओरडायचं होतं. ओळखते ती मला! माझ्यासमोर बसून तिनं गहू निवडलेत, तिच्या लेकीच्या लग्नातला ब्लाऊज मी शिवलाय! ओरडले असते तर तीच खोटी पडली असती, त्याच्यासमोर. वकिलांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. न्यायाधीश म्हणाले, अर्जदारानं यादी जबाबदारीनं द्यायला हवी होती. वकिलांनी माफी मागितली. कारकुनानं पट्टी ठेवून तिच्या ओळीवर काट मारली.

चारांच्या यादीत तीन राहिले, आणि मला नादार ठरवायची पुढची तारीख मिळाली.

बाहेर ऊन होतं. हे वकिलांशी बोलत थांबले. मी पायऱ्या उतरून झाडाखाली उभी राहिले. तिचा नवरा स्कूटर काढायला पलीकडं गेला. ती त्याची वाट बघत फाटकाशी उभी होती, माझ्यापासून दहा पावलांवर. मी मान वर करणार नव्हते. कुठल्या तोंडानं करणार?

तर तीच आली. भरभर, पदर सावरत, मागं एकदा बघून. मला वाटलं, आता बोलेल. सतरा महिन्यांचं, लेकीच्या मण्यांचं, घरात काय झालं त्याचं, जे काय असेल ते मी ऐकून घेणार होते.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, मी तसं बोलले, तर खोटं लिहिलं म्हनून तुमाला काय करनार न्हाईत ना?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिकडं स्कूटर सुरू झाली तशी हात सोडून निघून गेली.